येऊर की बेलापूर: डोंगर पायी पाहायचा तर

ठाण्या-नवी मुंबईत डोंगरावर पायी हिंडण्यासाठी एकच सकाळ हाताशी असेल, तर निवड बहुधा येऊर आणि बेलापूर यांत करावी लागते. ती करताना उंचीपेक्षा एक फरक आधी पाहावा: येऊरला वन विभागाच्या नाक्यापाशी शहर संपते, तर बेलापूरला शहरच डोंगरावर चढत जाते.

येऊरचा चढ उपवन तलावाजवळून सुरू होतो आणि तिथवर ठाणे स्थानकाहून बस किंवा रिक्षाने सहज पोहोचता येते. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा असून बिबट्याचा वावर असल्यामुळे अंधारात रेंगाळणे किंवा वाट सोडून आत शिरणे योग्य नाही. सुट्टीच्या दिवशी डांबरी रस्त्यावर गाड्यांची इतकी वर्दळ असते की चालण्याची मजा निघून जाते. इथले खरे सुख पाड्यांच्या बाजूला आहे. पावसाच्या तोंडावर रानभाज्या विकायला बसलेल्या बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडे, म्हणजे लहान आंबट रानफळे, देतात. ती नको म्हणू नयेत, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळे घशाला खाजतात.

बेलापूर हे पारसिक डोंगररांगेचे दक्षिण टोक आहे. याच रांगेच्या उत्तर भागातून १९१६ साली रेल्वेचा पारसिक बोगदा सुरू झाला. डोंगराच्या पायथ्याशी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी रचलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे, आणि पायी पाहण्यासारखे यापेक्षा सरस ठिकाण या दोन्ही शहरांत नसावे, असे माझे मत आहे. साधारण सात घरांमागे एक लहान अंगण, अशा तीन अंगणांचा मिळून एक मोठा गट, आणि कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे हा त्यामागचा हेतू होता, आणि लोकांनी तो इतका मनावर घेतला की कित्येक ठिकाणी मूळचे कौलारू बैठे घर जाऊन दोन-तीन मजली इमारत उभी राहिली आहे. तरीही एखाद्या अंगणात शिरून नीट पाहिले, तर जुने उतरते छप्पर आणि त्याला खेटलेला नवा स्लॅब एकाच नजरेत येतात. अंगणे रहिवाशांच्या वापराची असल्याने तिथे हळू बोलावे आणि दारांचे फोटो विचारून काढावेत.

तेथून पारसिकच्या रस्त्याने वर गेल्यास पनवेलची खाडी दिसते. चढ अंगावर येणारा असला तरी वाट पक्की आहे आणि दमल्यास रिक्षाने खाली येता येते. बेलापूर किल्ल्याचे अवशेष थोडेच उरले आहेत. केवळ त्यासाठी वाकडी वाट करू नये.

ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील तर बेलापूरच सोयीचे, कारण चढ टाळूनही वसाहत पाहता येते. पावसाळ्यात दोन्हीकडे ओढ्यांपासून दूर राहावे आणि मनाई आदेश लागू आहे का, हे आधी पाहून निघावे. पक्षी पाहणाऱ्याने मात्र येऊरच धरावे, तेही उजाडता उजाडता आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. शिवाय परतताना ठाण्यात मामलेदार मिसळ खाता येते, आणि या एका मुद्द्यावर बेलापूरकडे उत्तर नाही.