तालुक्यातला लहान मुलांचा दवाखाना : गर्दी सोसा, पण दाखवा इथंच

बसायला जागा कमी, पंखा एकच, अन् नंबरासाठी सकाळीच यावं लागते. तरी आमच्या आर्वीकडच्या खेड्यांतल्या आयांना मी तालुक्याचा हाच दवाखाना सांगते. इथले डॉक्टर आधी विचारतात, मग औषध लिहितात.

२०२१ चा जून होता. पेरणीची घाई, अन् माझ्या आठ वर्षांच्या पोराला ताप. पोट दुखे, उलट्या होत. जवळच्या एका डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावलं, पण ताप उतरेना. इथं आणला तेव्हा डोळे लालभडक, पण चिपडं नाही. ओठ फुटलेले, पोटावर पुरळ. डॉक्टरांनी त्याच्या बोटाचं नख दाबलं, सोडलं, अन् पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघत राहिले. वेळ लागत होता, म्हणजे रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नव्हतं. मग लहान मुलांचा वेगळा पट्टा काढून बीपी मोजला. अन् विचारलं, "ताई, महिना-दीड महिन्यात घरात कोणाला कोरोना झाला? नुसता ताप? वास, चव गेली?"

ह्याच्या बाबाची चव गेली होती, मे महिन्यात. पोराला तेव्हा साधी शिंकही नव्हती.

डॉक्टरांनी समजावलं ते असं : कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांच्या अंगातली प्रतिकारशक्तीच भडकते अन् हृदय, आतडी, रक्तवाहिन्या सुजवते. याला एमआयएस-सी म्हणतात. नाकातली तपासणी तेव्हा बहुतेक निगेटिव्हच येते, म्हणून रक्तातल्या अँटीबॉडी पाहायच्या. आमचंही तसंच निघालं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते पुढचं. आपल्याकडे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी नाही, मुलांचं आयसीयू नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. ॲडमिट करून बिल वाढवत बसले नाहीत. वर्ध्याला स्वतः फोन लावला, चिठ्ठीत बीपी, ताप, घरातल्या आजाराची तारीख, सगळं लिहून दिलं. तिथं गेल्यावर पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही. इकोत हृदयाचं पंपिंग कमी दिसलं. वजनावर हिशेब करून, किलोला दोन ग्रॅम, आयव्हीआयजी, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडींचं औषध, शिरेतून रात्रभर हळूहळू सोडलं, सोबत स्टेरॉइड. पोरगं वाचलं.

परत आल्यावरही ह्याच डॉक्टरांनी फाईल सांभाळली. वरच्या पानावर लाल पेनानं लिहून दिलं : आयव्हीआयजीनंतर अकरा महिने गोवर-कांजिण्यांची लस नाही, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या वाटल्या तर लगेच फोन, इको पाहून हृदयाचे डॉक्टर सांगत नाहीत तोवर धावणं, कबड्डी बंद. शाळेतल्या सरांनाही मी तेच पान दाखवलं.

तक्रार एकच, अन् ती मनापासून आहे. नंबर घेणारा पोरगा लेकरू किती मलूल आहे ते बघत नाही, रांगेतच ठेवतो. डॉक्टरांनी त्याला हे शिकवायलाच पाहिजे. तोवर तुम्ही आत शिरून सिस्टरला सांगा, त्या ऐकतात. जुने कागद, रिपोर्ट सगळे सोबत न्या, डॉक्टर ते खरंच वाचतात. दुपारी दवाखाना बंद असतो.