चांदी, कंपोझिट आणि जीआयसी: किडक्या दातांचा अनुभव

माझ्या तोंडात सध्या तिन्ही प्रकारची भरणं आहेत, त्यामुळे तुलनेसाठी लांब जावं लागत नाही. दात किडण्यात मी लहानपणापासून हुशार. त्यात रोजच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी, म्हणजे आम्ल धुऊन न्यायला कोणी नाही.

खालची डावी दाढ शाळेत असताना चांदीने भरली होती. चांदी नावाला, निम्मा पारा, बाकी चांदी, कथिल, तांबं. काळी दिसते, पण तीस वर्षं निमूटपणे बाकरवडी फोडतेय. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने २०२५ पासून ती जवळजवळ बंदच केली. सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरबाईही आता ती भरत नाहीत. ‘चांगली आहे तोवर उगाच उकरू नका,’ म्हणाल्या.

तिच्या शेजारी कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं, प्लास्टिकसारखं भरण. ते आधी दुसऱ्या एका दवाखान्यात करून घेतलं होतं, कापसाच्या गुंडाळ्या लावून, वीस मिनिटांत. रंग असा जुळला की मलाच दाढ सापडेना! दीड वर्षात गार ताक प्यायलं की सणक. एक्स-रेत दिसलं, भरणाच्या कडेखाली, दोन दाढांच्या फटीत पुन्हा कीड. कंपोझिट कडक होताना किंचित आकसतं, आणि भरताना लाळ लागली तर धड चिकटत नाही. डॉक्टरबाईंनी ते काढून रबर डॅम, म्हणजे लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा लावला, दोन-दोन मिलिमीटरचे थर दिले, प्रत्येक थर कडक करायला निळा लाइट. पाऊण तास जबडा उघडा. पैसेही जास्त गेले. पण दाढ तेव्हापासून गप्प आहे.

वरच्या सुळ्यांना हिरडीलगत खड्डे होते, तिथे जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, थोडी ओल चालवून घेतं आणि फ्लोराइड सोडतं. हे फ्लोराइड हळूहळू आटतं, पण पेस्टमधलं फ्लोराइड जीआयसी पुन्हा थोडं शोषून घेतं. म्हणून रात्री ब्रश झाल्यावर मी नुसतं थुंकतो, चूळ भरत नाही. पहिले चार दिवस विचित्र वाटलं. चहा मात्र पाचावरून दोनवर आणायला तीन महिने लागले, तोही आता जेवणाला लागूनच.

जीआयसीची खोट म्हणजे ते झिजतं. दाढेच्या चावायच्या मोठ्या खड्ड्यात मी ते घेणार नाही. उजव्या सुळ्याची कड आत्ताच जिभेला खरखरीत लागतेय. पुढच्या खेपेला तिथे पुन्हा जीआयसीच भरून घेणार. रंग खडूसारखा दिसतो, पण ओठ वर करून बघायला येतंय कोण?