गार्डा सरोवराकाठचे भाड्याचे घर : आगाऊ पैसे भरण्यापूर्वी

इटलीतील गार्डा सरोवराच्या काठी कुटुंबासह काही दिवस निवांत राहण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. अस्तित्वातच नसलेल्या एका घरासाठी आमचे १,८६० युरो गेले : आठवड्याचे भाडे १,४९०, अनामत ३०० आणि पर्यटक कर म्हणून ७०. पैशांपेक्षाही अधिक घोर लावणारी गोष्ट अशी की, घरातील पाचही जणांच्या पासपोर्टच्या प्रती अनोळखी माणसाच्या हाती गेल्या आहेत आणि त्या परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही.

आम्ही जर्मनीत, बव्हेरियात राहतो. सासूबाई आणि सासरे त्या वर्षी भारतातून आमच्याकडे आले होते, आणि त्यांना झेपेल अशी, धावपळ नसलेली सहल आखायची होती. गार्डा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर आहे. आल्प्सच्या पायथ्याशी असूनही तेथील हवा इतकी उबदार असते की काठावर ऑलिव्ह आणि लिंबेही पिकतात. पूर्व काठावरचे माल्चेझिने हे गाव आम्ही सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन निवडले. पाण्याच्या कडेने सपाट रस्ता आहे आणि गावातूनच निघणारी केबल कार मोंते बाल्दो या डोंगरावर सुमारे १,७६० मीटर उंचीपर्यंत नेते, त्यामुळे एक पायरीही न चढता वरचा देखावा पाहता येतो. अडचण एवढीच होती की मे-जूनमध्ये येणाऱ्या फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाला जोडून बव्हेरियातील शाळांना दोन आठवडे सुट्टी असते आणि त्या काळात निम्मी बव्हेरिया ब्रेनर घाट ओलांडून गार्डाला येते की काय, असे वाटते. घरे शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात आणि चांगली घरे हिवाळ्यातच संपतात. ठगांना हे वेळापत्रक आपल्याइतकेच, किंबहुना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

जाहिरात एका प्रसिद्ध संकेतस्थळावर होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळमजला आणि सरोवराकडे तोंड असलेला प्रशस्त सज्जा. भाडे आसपासच्या घरांपेक्षा किंचित कमी होते, पण शंका यावी इतके कमी नव्हते. अतिस्वस्त घर दिसले की सावध व्हावे, हा सल्ला आपण सर्वांनी ऐकलेला असतो, आणि नेमका म्हणूनच तो आता फारसा उपयोगी राहिलेला नाही. ज्याला हा धंदा करायचा आहे, तो बाजारभाव पाहूनच आकडा लिहितो. घरमालक म्हणवणाऱ्या माणसाची उत्तरे तत्पर आणि अदबशीर असत. वयस्कर पाहुणे आहेत म्हटल्यावर न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, हे त्याने आम्ही विचारण्यापूर्वीच कळवले. इतकी आस्था दाखवणाऱ्या माणसावर संशय घ्यायला मन सहसा धजावत नाही.

खरी मेख पुढच्या पत्रात होती. संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत बिघाड झाल्याने आमचा आठवडा ‘भरलेला’ दिसतो आहे, तरी ई-मेलवर संपर्क साधल्यास आरक्षण त्याच कंपनीमार्फत हाताने नोंदवता येईल, असे त्याने लिहिले. त्यानंतर आलेल्या ई-मेलमध्ये कंपनीचे बोधचिन्ह, आरक्षण क्रमांक, रद्द करण्याच्या अटी आणि बँक खात्याचा तपशील असे सर्व काही रीतसर होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचे नावही होते, परंतु त्या नावापुढे संयोगचिन्ह देऊन ‘पेमेंट्स’ हा शब्द जोडला होता आणि त्यानंतर टिंब होते. जे नाव शेवटच्या टिंबाला लागून डावीकडे पूर्ण लिहिलेले असते, तेच त्या पत्त्याचे खरे मालकीचे नाव. संयोगचिन्ह जोडून तयार केलेले नाव कोणीही चार पैसे टाकून विकत घेऊ शकतो. मोबाइलच्या पडद्यावर तर हा पत्ता दिसतही नाही, केवळ पाठवणाऱ्याने स्वतःच ठेवलेले नाव दिसते.

खाते लिथुआनियातील होते. युरोपात अनेक ऑनलाइन बँकांची खाती तिथे असतात आणि ती कायदेशीरही असतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून काही ठरत नाही. मात्र खातेदार म्हणून जे नाव दिले होते ते ना घरमालकाचे होते ना कंपनीचे, आणि त्याचे कारणही पत्रातच तयार होते : कंपनीचा हिशेब पाहणारी संस्था. दुसऱ्या एका कुटुंबानेही याच आठवड्याची चौकशी केली असून घर सायंकाळपर्यंतच राखून ठेवता येईल, असे कळवण्यात आले. पैसे त्याच दुपारी, काही सेकंदांत पोहोचणाऱ्या तत्काळ हस्तांतरणाने गेले.

जूनमधील एका शनिवारी आम्ही माल्चेझिनेला पोहोचलो. पाठवलेल्या पत्त्यावर दगडी कुंपण होते आणि कुंपणाआड ऑलिव्हची झाडे. घर नव्हतेच. शेजारच्या फाटकातून बाहेर आलेल्या बाईंनी आमच्या हातातील कागद पाहिला आणि काही न विचारता मान हलवली, त्यावरून असे कागद घेऊन येणारे आम्ही पहिले नव्हतो, हे कळले. सासरे गाडीतून उतरलेलेच नव्हते. गावात, आणि खाली गार्डा या गावापर्यंत, पाच जणांसाठी जागा मिळेना. शेवटी सरोवर सोडून रोव्हेरेतोच्या बाजूला महामार्गालगतच्या एका हॉटेलात रात्र काढली.

तेथे बसून जाहिरातीतील छायाचित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा त्यांतील विसंगती लख्ख दिसली. सज्जातून घेतलेल्या छायाचित्रात पाण्यापलीकडे एक लांबलचक, जवळजवळ सलग डोंगररांग होती. ती मोंते बाल्दोची होती. माल्चेझिने त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे, म्हणजे तेथील सज्जातून बाल्दो पाण्यापलीकडे दिसणे अशक्य, तो पाठीशीच असणार. छायाचित्र पश्चिम काठावरून काढलेले होते. वर्णनात मात्र ‘सज्जातून सूर्यास्त’ असे लिहिले होते, आणि बाल्दोकडे तोंड करून बसलेल्या माणसाला सूर्योदय दिसेल, सूर्यास्त नव्हे. सरोवराकाठच्या कोणत्याही घराला हा पडताळा लावता येतो : नकाशा उघडावा, घर कोणत्या काठावर सांगितले आहे ते पाहावे आणि छायाचित्रात समोर काय दिसायला हवे याचा अंदाज घ्यावा. त्यासाठी पैसेही लागत नाहीत आणि इटालियन भाषाही यावी लागत नाही.

दुसरी विसंगती एका क्रमांकात दडलेली होती, आणि इटलीला जाणाऱ्या प्रत्येकाने तो क्रमांक कसा वाचायचा हे समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. जानेवारी २०२५ पासून इटलीत अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तेथे त्याला सीआयएन म्हणतात. तो जाहिरातीत द्यावा लागतो आणि इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. क्रमांकच नसेल तर ८०० ते ८,००० युरो आणि तो दर्शवला नसेल तर ५०० ते ५,००० युरो दंडाची तरतूद आहे. आमच्या जाहिरातीत हा क्रमांक होता, आणि तो खराही होता. केवळ तो दुसऱ्याच घराचा होता. या क्रमांकाची सुरुवात ‘आयटी’ या अक्षरांनी होते आणि त्यापुढचे सहा अंक घर कोणत्या गावात आहे ते सांगतात, त्यातही पहिले तीन प्रांताचे असतात. गार्डाचा काठ तीन प्रांतांत विभागलेला आहे : पश्चिमेकडील ब्रेश्शा प्रांताचा अंक ०१७, उत्तर टोकाच्या त्रेंतोचा ०२२ आणि पूर्व काठावरील व्हेरोनाचा ०२३. माल्चेझिने व्हेरोना प्रांतात येते, त्यामुळे तेथील घराचा क्रमांक ‘आयटी ०२३’ असाच सुरू व्हायला हवा. आमच्या जाहिरातीतील क्रमांक ‘आयटी ०१७’ असा सुरू होत होता. पर्यटन मंत्रालयाच्या राष्ट्रीय नोंदीत तो शोधल्यावर पश्चिम काठावरील तिन्याले या डोंगराळ गावातील एक घर समोर आले, आणि छायाचित्रेही त्याच घराची निघाली. मूळ गावाच्या नावाने दुसरी जाहिरात टाकली असती तर खऱ्या मालकिणीच्या लगेच नजरेस पडली असती, म्हणून बहुधा घर कागदोपत्री सरोवर ओलांडून पलीकडे नेण्यात आले.

पर्यटक करासंबंधीही थोडे सांगितले पाहिजे. हा कर त्या त्या गावाची नगरपालिका दर माणशी, दर रात्री आकारते, तो सहसा मुक्कामी पोहोचल्यावर घेतला जातो आणि लहान मुलांना बहुतेक गावांत माफ असतो. आमच्याकडून तो महिनोन्महिने आधी, आमच्या सहा वर्षांच्या मुलासह पाचही जणांचा घेतला गेला. रक्कम किरकोळ होती, पण पावतीत कराची वेगळी ओळ असल्यामुळे सारा कागद सरकारी छापाचा वाटू लागला, आणि त्या ओळीचा हेतूच तो असावा.

बँकेकडून फार आशा ठेवता येत नाही, हेही स्पष्ट लिहिते. खातेदाराने स्वतः मंजूर केलेले हस्तांतरण बँक आपणहून उलटवत नाही. ती समोरच्या बँकेला पैसे परत करण्याची विनंती पाठवते, आणि ती मान्य होण्यासाठी पैसे घेणाऱ्याची संमती लागते. ठग संमती कशाला देईल, आणि दिलीच तरी तोपर्यंत खात्यात काय उरलेले असणार? आमच्या व्यवहारानंतर, ९ ऑक्टोबर २०२५ पासून, युरो चलनाच्या देशांतील बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव आणि खाते क्रमांक जुळतात की नाही हे ग्राहकाला दाखवणे बंधनकारक झाले आहे. ही सोय चांगलीच आहे, परंतु तिच्या भरवशावर राहू नये. आम्हाला पाठवलेल्या पत्रात खातेदाराचे खरे नावच दिलेले असते तर ही तपासणी ‘नाव जुळते’ असेच सांगून मोकळी झाली असती. खाते त्या नावाचे आहे, एवढेच तिच्यातून सिद्ध होते. त्या नावाच्या माणसाकडे घर आहे की नाही, हे बँकेला ठाऊक नसते. संकेतस्थळाच्या आतच, कार्डाने पैसे भरले तर वाद उपस्थित करून ते परत मागण्याची वाट तरी उरते, आणि काही मोठ्या संकेतस्थळांवर पाहुणा मुक्कामी पोहोचेपर्यंत घरमालकाला पैसे दिलेच जात नाहीत. म्हणूनच असा माणूस गोड बोलून सर्वप्रथम आपल्याला त्या कुंपणाबाहेर काढतो. बिघाडाचे निमित्त, सवलत, दिनदर्शिका, कारण कोणतेही असो, संवाद ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर नेण्याची सूचना आली की तेथेच तो विषय संपवावा.

पासपोर्टच्या प्रती त्याने ‘पोलिसांकडे नोंद करावी लागते’ या कारणाने मागितल्या होत्या. या कारणात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते पटते. इटलीत घरमालकाला पाहुण्यांची माहिती ते पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवावी लागते. परंतु ही नोंद पाहुणे आल्यावर करायची असते, त्यामुळे चार महिने आधी पासपोर्टचे छायाचित्र मागण्याचे काही कारण नाही. आपल्याला विश्वास वाटावा म्हणून त्याने स्वतःचे म्हणून जे ओळखपत्र पाठवले होते, तेही बहुधा आमच्यासारख्याच कोणाचे तरी असावे, अशी मला आता दाट शंका आहे. सासऱ्यांचा पासपोर्ट उद्या असाच कोणा दुसऱ्या कुटुंबाला ‘घरमालकाचे ओळखपत्र’ म्हणून दाखवला जाईल, ही कल्पना त्यांना पैसे गेल्यापेक्षा अधिक जिव्हारी लागली आहे. प्रत देणे खरोखरच भाग पडले तर तीवर कशासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे, ठळक लिहून मगच द्यावी.

आम्ही इटलीत काराबिनिएरी पोलिसांकडे लेखी तक्रार केली, जर्मनीत परतल्यावर तेथील पोलिसांकडेही केली, आणि दोन्ही तक्रारींच्या प्रती बँकेला व संकेतस्थळाला पाठवल्या. जाताना ई-मेल त्यांच्या संपूर्ण ‘हेडर’सह, म्हणजे ते कोठून आले याच्या तांत्रिक नोंदीसह, जाहिरातीची पडदाचित्रे, हस्तांतरणाची पावती आणि दिलेला ओळख क्रमांक असे सर्व छापून न्यावे, कारण जाहिरात काढून टाकली गेली की पुरावा म्हणून दाखवायला काहीच उरत नाही. संकेतस्थळाने जाहिरात हटवली, मात्र पैसे त्यांच्या व्यवस्थेबाहेर दिल्यामुळे भरपाई नाकारली. तिन्यालेच्या मालकिणीला आम्ही पत्र लिहिले होते. त्यांनी उत्तरात कळवले की त्यांची तक्रार आमच्याही आधीची आहे. अलीकडे तीच छायाचित्रे ब्रेंझोने या गावाच्या नावाने पुन्हा झळकली आहेत. ब्रेंझोनेही पूर्व काठावरच, माल्चेझिनेच्या दक्षिणेला आहे, आणि क्रमांक अजूनही ‘आयटी ०१७’ असाच सुरू होतो. ही जाहिरात कोणाला आढळली तर उत्तर न देता तिची नोंद थेट संकेतस्थळाकडे करावी.