इंजिन बंद होतं, तरी मी कॉम्प्रेसरचे पैसे दिले

गाडीच्या एसीवर एकूण ३१,६५० रुपये गेले. कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) २१,५००, गॅस २,८००, ड्रायर आणि व्हॉल्व्ह मिळून ३,३५०, मजुरी ४,०००. आणि निघालं काय, तर एसीची हवा आत फेकणाऱ्या ब्लोअरच्या पंख्यात अडकलेलं एक वाळकं पान आणि दोन काड्या. लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहितोय, कारण असाच आवाज येणारी गाडी घेऊन आज कोणीतरी गॅरेजात निघालं असेल.

आवाज यायचा ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या कप्प्यामागून. ब्लोअर एकवर असताना जेमतेम जाणवायचा. दोनवर घरघर, आणि तीन-चारवर डॅशबोर्ड असा थरथरायचा की कप्प्याच्या झाकणावर हात ठेवला तर मुंग्या याव्यात. कुलिंग मात्र उत्तम होतं. हे वाक्य पुन्हा वाचा. कुलिंग उत्तम होतं, आणि तरीही मी गॅस भरून घेतला.

आता तो क्षण. गॅरेजच्या मालकाने मला जवळ बोलावलं, किल्ली अर्धीच फिरवली आणि ब्लोअर चारवर नेला. खडखड सुरू झाली. "ऐकलंत ना साहेब? कॉम्प्रेसर गेला. असाच चालवलात तर आतला चुरा सगळ्या लाइनमध्ये जाईल, मग पूर्ण एसीच बदलावा लागेल." मी मान डोलावली. इंजिन बंद होतं! कॉम्प्रेसर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर. पट्टा जागचा हलत नव्हता, बॉनेटखाली चिडीचूप होतं आणि आवाज माझ्या गुडघ्यांसमोरून येत होता. त्याने स्वतःच्या हाताने मला दाखवून दिलं की दोष कॉम्प्रेसरचा असूच शकत नाही, आणि त्याच मिनिटाला मी १५,००० आगाऊ दिले. किती रात्री ते दृश्य डोळ्यांसमोर येतं, सांगता येत नाही.

मी अडाणी नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, परतताना तिला उकाडा सोसत नाही. दोन दिवसांनी तिचं डायलिसिस होतं आणि गाडी त्याच्याकडे उघडून पडली होती. अशा वेळी माणूस पट्टा फिरतोय का ते बघत बसत नाही. कॉम्प्रेसरमधला चुरा लाइनमध्ये जातो हे खोटंही नाही, खरोखर बिघडलेल्या कॉम्प्रेसरचं तसं होतं. अर्धं खरं सांगितल्यामुळेच माझा विश्वास बसला.

ही चाचणी तुम्ही घरीच करा. इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि ब्लोअर वाढवत न्या. नॉबबरोबर आवाज वाढला तर दोष ब्लोअरच्या पंख्यात किंवा मोटरमध्ये. इंजिन चालू असताना फक्त एसीचं बटण दाबल्यावर आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढत असेल, तर कॉम्प्रेसरकडे बघा. (कॉम्प्रेसर विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही.)

गाडी परत देताना तो म्हणाला, "दोन दिवस ब्लोअर एकवरच ठेवा, नवीन कॉम्प्रेसर सेट होऊ द्या." इथे तरी मला कळायला हवं होतं. ब्लोअरच्या वेगाचा आणि कॉम्प्रेसर सेट होण्याचा संबंध काय? उरलेले १६,६५० मी देऊन टाकले. जुना कॉम्प्रेसर मागितला तर "तो कंपनीला परत जातो" म्हणाला. जुना भाग काम सुरू होण्याआधी मागायचा, आणि तो देणार हे अंदाजपत्रकावर लिहून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी, आई शेजारी बसलेली असताना, नॉब तीनवर नेला. तीच खडखड, तीच थरथर.

दुसऱ्या मेकॅनिकने कप्पा उतरवला, तीन स्क्रू काढले आणि ब्लोअर खाली घेतला. पिंजऱ्यासारख्या गोल पंख्याच्या पात्यांत एका बाजूला ते पान दाबून बसलं होतं. एका बाजूला वजन आलं की पंख्याचा तोल जातो आणि वेग वाढेल तशी थरथर वाढते. बरेच दिवस तसाच चालवला तर मोटरचा बुशही (आस जिच्यात फिरते ती कडी) झिजतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पालापाचोळा आत येतो, म्हणून ती जाळी साफ ठेवा आणि आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर जागेवर आहे ना ते बघा. माझ्या गाडीत फिल्टरच नव्हता. वीस मिनिटांचं काम, ६०० घेतले.

मग त्याने मला बॉनेटखाली वाकायला लावलं. कॉम्प्रेसर वरून पुसून चकचकीत केलेला, पण त्याच्या बोल्टांभोवतीचा जुना चिखल जसाच्या तसा. पाना लागलेलाच नव्हता. गॅस ७०० ग्रॅम भरल्याचं लिहिलं होतं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम छापलंय! तो स्टिकर प्रत्येकाने वाचावा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, ती आधी दाखवा म्हणा.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला, ग्राहक तक्रार करा." तक्रार कार्यालयात गेलो तर पक्कं बिल हवं. माझ्याकडे सहीचा कच्चा कागद, कारण "पक्क्या बिलावर कर लागेल साहेब" म्हटल्यावर मी हो म्हणालो होतो. हो, ती माझी चूक. पण फसवणारा नेमकं बिलच देत नाही, मग बिल नसलेल्याने जायचं कुठे? दुसऱ्या खेपेला म्हणाले, तज्ज्ञाचं लेखी मत आणा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेर उघडलेल्या गाडीवर आम्ही लिहून देत नाही. ६०० घेणारा बिचारा लिहून द्यायला तयार आहे, तर तो "अधिकृत" नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज दोन प्रतींत हवा म्हणून परत पाठवलं. हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? तीन वेळा रजा टाकली मी. बोल्टांचे फोटो मोबाइलवर दाखवू लागलो तर समोरच्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

फोटो आता छापून घेतलेत, अर्जाच्या दोन प्रती तयार आहेत. ते पान आणि काड्या पाकिटात घालून वर तारीख टाकली आहे. सोमवारी चौथ्यांदा जातोय.