आयबीटी: एका फॅब्रिकेशनवाल्या बापाचा रिव्ह्यू (पाचपैकी चार स्टार)

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मुलगी आठवीत. तिच्या शाळेत आयबीटी आहे, म्हणजे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. हा अभ्यासक्रम शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्या दुष्काळी गावात गेले आणि १९८३ साली आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती-जनावरं, वायरिंग आणि स्वयंपाक-आरोग्य हे सगळं हातानं करायला मिळतं.

मला आवडलं ते गावासाठी करायचं काम. समाजसेवा म्हणून झाडू धरून फोटो काढण्यातला प्रकार नाही. अंगणवाडीला भांड्यांचं रॅक हवं होतं. पोरं माप घ्यायला गेली, चित्र काढलं, अँगल, रॉड, वीज, रंग, मजुरी धरून कॉस्टिंग केलं. पहिलं रॅक डुगडुगलं. गुनिया (काटकोन तपासायची पट्टी) न लावता वेल्डिंग मारलं की सांगाडा ओढला जाणारच. अंगणवाडीच्या ताईंनी सरळ परत पाठवलं. मी असतो तर लहान पोरांचं काम म्हणून चालवून घेतलं असतं. ताईंचंच बरोबर होतं. दुसऱ्या वेळी पोरांनी आधी टॅक मारले, म्हणजे नुसते ठिपक्याएवढे जोड, दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की नाही ते बघितलं, मगच पूर्ण वेल्डिंग केलं.

त्यानंतर ही बया माझ्या दुकानात येऊन गेटजवळ टेप घेऊन उभी. "पप्पा, कर्ण मोजलेत का?" माझा कारागीर अजून चिडलेला आहे. घरातही तेच. हिमोग्लोबिन तपासायला शिकल्यापासून आजीच्या मागे लागून तिला दवाखान्यात पाठवलं, वर गोळ्या घेतल्या का म्हणून रोज हजेरी घेते.

आता तक्रार. ती अभ्यासक्रमाची नाही, आमच्या शाळेची. वेल्डिंग बघताना डोळ्यांसमोर धरायच्या काळ्या काचा पुरत नाहीत. एक जण रॉड लावतो, बाकीचे भोवती उघड्या डोळ्यांनी बघतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते मला विचारा! शिवाय मुलींना स्वयंपाकाच्या, चिक्की करायच्या गटात जास्त दिवस आणि वर्कशॉपला कमी. निदेशकांशी, म्हणजे हे काम शिकवणाऱ्या सरांशी, बोललो. माणूस चांगला आहे, स्वतः मिस्त्रीकाम केलेला. पाळ्या बदलल्या. काचा मात्र शेवटी मीच दुकानातून दिल्या. एक स्टार तिथं कापलाय.

आयबीटीची शाळा बघायला जाणार असाल तर भिंतीवरचे तक्ते वाचत बसू नका. मागच्या वर्षी गावात कोणाची कामं केली ते विचारा आणि त्यातल्या एखाद्याच्या दारात जाऊन ती वस्तू हलवून बघा.