डन्जन्स अँड ड्रॅगन्स 2024 : फायटरला न्याय मिळाला, पण जीवाची धास्ती गेली

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाचं नवं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, हातात आल्यावर मी आधी फायटरचं, म्हणजे हत्याराने लढणाऱ्या योद्ध्याचं, पान उघडलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत फायटरची पाळी आली की एकच शब्द ऐकू यायचा, "मारतो." फासा टाकायचा, लागलं तर लागलं, की पाळी संपली. शेजारी बसलेल्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, मात्र पानंच्या पानं स्पेल, म्हणजे मंत्र. माझी ही जुनी तक्रार नव्या पुस्तकाने खरोखर मिटवली आहे.

'वेपन मास्टरी'मुळे आता प्रत्येक हत्याराला स्वतःचा गुण आहे. ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी ताकदीच्या मॉडिफायरएवढी (ताकदीच्या गुणावरून मिळणाऱ्या आकड्याएवढी) इजा होतेच. वॉरहॅमरचा घाव बसला की शत्रूला 10 फूट मागे ढकलता येतं, बॅटलॲक्सचा बसला आणि त्याचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) चुकला की तो आडवा होतो. लाँगसोर्ड लागली तर त्याच्या पुढच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. आमच्याकडे फायटर माझी भाची खेळते. पुलावर वाट अडवून उभ्या असलेल्या ओग्र या धिप्पाड राक्षसाला तिने हातोड्याने कठड्यापलीकडे ढकलून दिलं, आणि त्यानंतर विझार्ड खेळणारा मित्र आपली पाळी आली की आधी तिला विचारायला लागला, "तू काय करणार आहेस?" असं आमच्या टेबलावर यापूर्वी कधी झालं नव्हतं.

हे सगळं 2008 च्या चौथ्या आवृत्तीच्या वळणाचं आहे, हेही सांगायला हवं. "हा तर व्हिडिओ गेम झाला" म्हणत तेव्हा कितीतरी खेळाडूंनी ती सोडली आणि 2009 मध्ये आलेल्या पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाची वाट धरली. अर्धे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) गेले की लागणारी 'ब्लडीड' ही अवस्थाही तिथलीच, ती आता परत आली आहे. मी ती आवृत्ती मनापासून खेळलो होतो, त्यामुळे तिच्या कल्पनांना पुन्हा जागा मिळालेली पाहून मला फार बरं वाटलं.

कॅरेक्टर तयार करणंही सोपं झालंय. ताकद, बुद्धी अशा गुणांची वाढ आता वंशावर (एल्फ, ड्वार्फ वगैरे) नाही, तुम्ही आधी काय करत होतात त्यावर ठरते. अशी बॅकग्राउंड 16 आहेत. भाचीने शेतकरी निवडला, त्याबरोबर 'टफ' हे फीट (खास कौशल्य) आलं आणि पहिल्याच लेव्हलला 2 हिट पॉइंट जास्त मिळाले.

खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरसाठीच्या (डीएमसाठीच्या) डन्जन मास्टर्स गाइडमध्ये जुन्या आठवणींची नुसती रेलचेल आहे. 2024 हे खेळाचं पन्नासावं वर्ष होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला संच 1974 चा. त्या निमित्ताने मुखपृष्ठावर या खेळावरच्या 1983 च्या कार्टून मालिकेतला खलनायक व्हेंजर आला, आत गायगॅक्सचं ग्रेहॉक हे जग नमुन्यादाखल दिलंय आणि त्याचा घडीचा मोठा नकाशाही आहे. नकाशा देखणा आहे. ग्रेहॉकचं प्रकरण तर नव्या डीएमने वाचायलाच हवं, कारण एक जग किती थोडक्या मजकुरात उभं राहतं ते त्यातून कळतं.

पण मला जुन्या खेळातलं जे परत हवं होतं, ते या पुस्तकांत नाही. 1981 च्या बेसिक नियमांत मॅजिक-यूझरचे (तेव्हाच्या जादूगाराचे) हिट पॉइंट चार बाजूंच्या एका फाशावर ठरायचे, आणि शून्यावर आला की मेला. म्हणून प्रत्येक दार उघडण्याआधी टेबलावर कुजबुज चालायची. आता जखमा भरणाऱ्या क्युअर वूंड्स मंत्राचे फासे दुप्पट झालेत, हीलिंग पोशन बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच पाळीत हल्ला करूनही, पिता येतं. लढाई रंगतदार होते, पण कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

बॅस्टियनच्या, म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या गडाच्या, नियमांत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. 1978 च्या हँडबुकमध्ये फायटर नवव्या लेव्हलला पोचला की स्वतःचा गड उभारू शकायचा, माणसं त्याच्याकडे चालत यायची. तीच कल्पना आता पाचव्या लेव्हललाच मिळते, आणि बांधायला मजाही येते. पण गडावर हल्ला झाला तर 6 फासे टाकायचे, जितक्या फाशांवर एक पडेल तितके रक्षक मरतात. रक्षक उरलेच नाहीत, तर एक दालन गडाच्या पुढच्या एका पाळीपुरतं बंद पडतं आणि मग फुकटात दुरुस्त होतं! हल्ल्यात आपला गड पडू शकतो, ही शक्यताच नसेल तर तो राखायची तळमळ खेळाडूला कुठून येणार? आमच्या टेबलावर मी हा नियम बदलला आहे. पडलेलं दालन सोनं मोजून आणि वेळ देऊनच पुन्हा उभं राहतं.

प्लेयर्स हँडबुक घ्याच. अमेरिकेत त्याची छापील किंमत 49.99 डॉलर आहे आणि 384 पानांत ती वसूल होते. डन्जन मास्टर्स गाइड पहिल्यांदाच डीएम होणाऱ्याने घ्यावं, जुन्या डीएमने मित्राकडून आणून ग्रेहॉक तेवढं वाचलं तरी चालेल. आणि ती जुनी धास्तीच हवी असेल, तर 2023 चा शॅडोडार्क हा वेगळा खेळ आणा. त्यात मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासात विझते.