ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम: नऊ महिन्यांनंतर

प्रवेश घेतला तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, पुस्तकं लावायला पदवी कशाला लागते? आता दोन्ही सत्रांची प्रात्यक्षिकं झाली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त शिकले ते वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात. टेबलावर ड्युई दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार अंक देण्याच्या पद्धतीचे, चार जाडजूड खंड, हातात पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी, आणि वर्गांक, म्हणजे त्या पुस्तकाच्या विषयाचा अंक, काढायचा. सुरुवातीला मी थेट चौथ्या खंडातली सूची उघडायचे, दिसेल तो अंक उतरवायचे आणि मोकळी व्हायचे. मग एक दिवस चिठ्ठीत टोमॅटो आला. बागेत लावायचे असतील तर 635.642, शिजवायचे असतील तर 641.65642. मॅडमनी दोन्ही अंक फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि शेवटच्या 642 खाली रेघ ओढली. बागेतला टोमॅटोचा तुकडा उचलून स्वयंपाकाच्या अंकाला जोडलाय, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. पाठांतर तिथेच सुटलं. तेव्हापासून आधी विचार करते, हे पुस्तक नक्की कशाबद्दल आहे आणि कुणाला कशासाठी लागेल? अंक त्यानंतर.

तालिकीकरणाबद्दल, म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकांच्या नोंदी करण्याबद्दल, मात्र माझी तक्रार आहे. आठवडेच्या आठवडे आम्ही पाच बाय तीन इंचाची कार्डं हाताने लिहिली. लेखकाचं नाव कुठून सुरू करायचं, स्वल्पविराम कुठे, तिरपी रेघ कुठे. त्यातून एक चांगली सवय लागली: नाव वेष्टनावरून नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचं. दोन्हीकडे वेगवेगळी नावं असलेली किती पुस्तकं निघतात, हे कळल्यावर चकितच झाले. पण मार्क 21 ला, म्हणजे संगणकावर नोंदी करायच्या ठरावीक साच्याला, मोजके तास मिळाले आणि आरडीए हे नोंदींचे नवे नियम 2010 पासून उपलब्ध असूनही एका व्याख्यानात आटोपले. नोकरीत पहिल्या दिवसापासून लागणार ते हेच!

ती कसर मी घरी भरून काढली. कोहा हे ग्रंथालयाचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे, पैसे पडत नाहीत, म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर घातलं आणि घरातली पुस्तकं नोंदवायला बसले. यादी शीर्षकानुसार लावली तर ‘द’ने सुरू होणारी सगळी इंग्रजी पुस्तकं टी या अक्षराखाली गोळा झालेली. मार्कमधल्या 245 या टॅगच्या, म्हणजे शीर्षकाच्या रकान्याच्या, दुसऱ्या निर्देशकात (क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची ते सांगणाऱ्या अंकात) मी शून्य टाकलं होतं, तिथे चार हवं होतं: उपपदाची तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा सोडून मग क्रम लावायचा. वर्गात हे ऐकलं होतं, पण समजलं ते चूक दुरुस्त करताना.

ग्रंथालयांचा इतिहास, व्याख्या, संस्थांची स्थापनावर्षं हा भाग परीक्षेपुरता राहिला. त्याला अपवाद ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची 1931 ची पाच सूत्रं. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र मी चार वेळा उत्तरपत्रिकेत लिहिलं असेल. त्याचा अर्थ लागला प्रत्यक्ष ग्रंथालयात काम करताना, फडताळं वाचायला बसवलं तेव्हा. म्हणजे बोधांकावरून, पुस्तकाची फडताळातली जागा सांगणाऱ्या क्रमांकावरून, एकेक पुस्तक क्रमाने तपासत जायचं. दोन कप्पे चुकलेलं पुस्तक संगणकावर ‘उपलब्ध’ दिसतं आणि वाचकाला मिळत नाही.

संदर्भसेवेच्या तासाला आम्ही आळीपाळीने वाचक आणि ग्रंथपाल व्हायचो. तेव्हा ते लुटुपुटूचं वाटायचं. नंतर काउंटरवर एक गृहस्थ आले, हळू आवाजात म्हणाले, ‘‘साखरेवर काही आहे का?’’ मी त्यांना 664.1 कडे, साखर उत्पादनाच्या पुस्तकांकडे घेऊन निघाले. दोन पावलांवर वर्गातला सराव आठवला. थांबून विचारलं, ‘‘काका, वाचून काय करायचंय तुम्हाला?’’ घरात मधुमेह निघाला होता, जेवणात काय द्यावं हे हवं होतं. ते पुस्तक 641.56314 ला, अगदी वेगळ्याच रांगेत. टोमॅटोच्या वेळचाच प्रश्न, फक्त आता माणूस समोर उभा होता.

तेव्हा हा अभ्यासक्रम घ्यावा का? घ्या, नक्की घ्या, पण प्रात्यक्षिकाचा एकही तास बुडवू नका. आणि रोज एका पुस्तकाचा वर्गांक स्वतः काढून मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेशी ताडून बघा. फरक आला तर तो का आला, हे वहीत लिहून ठेवा. माझी दुसरी वही आता संपत आलीय.